मामासाठी शांतता

३ मार्च

प्रिय भोंगा,

पोचलो. विमानात शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर मनसोक्त झोप काढली, तेवढं सोडलं तर प्रवास उत्तम. तुझी लेक आणि जावई दोघंही घ्यायला आले होते. जावयाने मला पाहिल्याबरोबर विमानतळाच्या त्या टोकावरून "मामाऽऽ" अशी हाक मारली की दोन पोलिसांनी वळून पाहिलं. माणूस बसडेपोत इंजिनं दुरुस्त करतो, तेव्हा चालू इंजिनापेक्षा वरच्या आवाजात बोलायची सवय असणार हे मी समजू शकतो. पण ती सवय तो घरीही घेऊन येतो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मला तुझ्या नातीची खोली दिली आहे. ती सध्या धाकट्या भावाबरोबर झोपते आणि त्यावरून दोघं रोज सकाळी भांडतात. धाकट्याला चालता येत नाही, फक्त धावता येतं. तुझ्या विहीणबाई दिवसभर रेडिओ लावून बसतात. त्यांच्या कानाला यंत्र आहे, पण त्यांचा भरवसा रेडिओच्या बटणावर जास्त. त्यांच्याशी सगळे ओरडून बोलतात आणि मग तीच पट्टी धरून एकमेकांशीही बोलतात. नळाला पाणी आलं, अंडी संपली, माझा मोजा कुठे गेला, सगळं एकाच आवाजात. घर डोक्यावर घेणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर इथे ये.

आता कामाचं. पियानोच्या तारांचा कारखाना पुढच्या आठवड्यात बघणार आहे. आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ तुझ्या लेकीने एप्रिलच्या सुरुवातीची घेतली आहे. साधी तपासणी आहे, मळबिळ साठला असेल. हल्ली पियानोच्या शेवटच्या पट्ट्या लावताना मला जरा वेळ लागतो. एकेका पट्टीच्या तीन तारा, तिन्ही एका सुरात आल्या की त्यांच्यातली थरथर थांबते, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. ती थरथर मला पटकन सापडत नाही, एवढंच. परतल्यावर आपल्या शहरातल्या हॉलचा मोठा पियानो लावायचा आहे, नव्या रंगमंचाचं उद्‌घाटन मे संपता संपता. त्याआधी कान साफ झालेले बरे. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

पण या गोंगाटात कानाला विसावा कसा मिळायचा? जवळ एक बरं लॉज आहे म्हणतात. जाऊ का? लेकीला वाईट वाटेल का, ते तूच सांग.

फोन करू नकोस. इथे फोनवर आवाज नीट येत नाही. पत्र लिही.

तुझा दादा


१२ मार्च

दादा,

लॉजचं नाव काढलंस तर याद राख. सख्खी भाची असताना मामा लॉजवर राहिला हे विहीणबाईंच्या माहेरपर्यंत पोचेल आणि मग मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी लेकीला फोनवर जे सांगायचं ते सांगितलं आहे. तू निवांत राहा. आता तुला काही त्रास व्हायचा नाही.

"इथे" फोनवर आवाज नीट येत नाही म्हणे. बरं. राहिलं.

इकडे सगळं ठीक. तुझ्या खोलीला एक दिवसाआड हवा देते. त्यासाठी मला माझ्या दारातून बाहेर पडायचं, जिन्याला वळसा घालायचा, तुझं कुलूप उघडायचं, खिडकी उघडायची आणि परत तसंच यायचं. खरं तर तुझी खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत एक आणि तिच्यात दार एक. पण मुलं लहान असताना त्या दारासमोर मी कपडे ठेवायचं कपाट ओढलं ते ओढलंच. तेव्हा तू दिवसभर घरी पियानो दुरुस्त करायचास आणि ही दोघं मध्येच तुझ्या तारांना लोंबकळायची. आता मुलं परदेशी, कपाट मात्र जागचं हललेलं नाही. तेव्हा हा द्राविडी प्राणायाम चालू आहे. आमचे हे म्हणतात, तेवढाच व्यायाम.

हॉलचे मॅनेजर भेटले होते. तुझी वाट बघताहेत. त्यांच्या मते या शहरात पियानोला हात लावायचा तर तो तूच. मी म्हटलं, त्याला फार चढवून ठेवू नका.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते लगेच कळव. लपवू नकोस. तुझं अक्षर खोटं बोलताना बारीक होतं आणि मागच्या पत्रात "मळबिळ" हा शब्द मला चष्मा लावून वाचावा लागला.

तुझी भोंगा


२१ मार्च

प्रिय भोंगा,

हे पत्र वाचून रडू नकोस. मी ठीक आहे, म्हणजे खातो-पितो, हिंडतो. पण मला वाटतं माझे कान गेले.

आधी हळूहळू वाटलं. मग एकदम सगळंच लक्षात आलं. गेल्या आठवड्यात एका सकाळी उठलो तर घर शांत. वाटलं, सगळे बाहेर गेलेत. खोलीबाहेर आलो तर सगळे तिथेच! टेबलाशी बसून नाश्ता करत होते. धाकटा धावत माझ्यासमोरून गेला, पण पायांचा आवाज नाही. तुझ्या लेकीने खुर्ची ओढली, खुर्चीचा आवाज नाही. ताटलीत चमचा फिरत होता, आवाज नाही. थोरलीचे ओठ हलत होते, ती भावाला काहीतरी दरडावत होती हे चेहऱ्यावरून कळत होतं, पण माझ्यापर्यंत अक्षर पोचलं नाही.

मी नीट विचार केला. खाली रस्त्यावरची बस मला ऐकू येते. जिन्यातल्या माणसाचा खोकला ऐकू येतो. माझा सूर लावायचा चिमटा कानाशी धरला तर तोही येतो, पण तो मधल्या सुराचा. म्हणजे जाडे आवाज शाबूत आहेत आणि बारीक आवाज गेलेत. मुलांचे आवाज, चमचे, काच. माझ्या कामाचं नेमकं तेच. शेवटच्या पट्ट्यांपासून सुरुवात झाली होती आणि आता ते खाली उतरत आलंय.

इथे कुणाला बोललो नाही. काय बोलणार? सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघतात की त्यांना कळलं असावं असंच वाटतं. जावई माझ्या खांद्यावर हात ठेवतो, गोड हसतो आणि जातो. त्याच्यासारख्या माणसाचंही बोलणं मला नुसतं पुटपुटल्यासारखं येतं, यावरून समज. विहीणबाईंचा रेडिओ बंद आहे की चालू, ते मला सांगता येणार नाही. त्या बिचाऱ्या यंत्र कानातून काढतात, हलवून बघतात, परत घालतात. आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसून सगळ्यांची तोंडं बघत असतो.

भोंगा, तुला खरं सांगू? गोंगाट होता तेव्हा मी लॉज शोधत होतो. आता मी दारामागे उभा राहून कान टवकारतो, कुणी भांडतंय का, काही पडलं का, कुणी कुणाला हाक मारली का. इतकी माणसं घरात आहेत आणि मी एकटाच आहे. मला याची फार भीती वाटते.

सोबत हॉलच्या मॅनेजरांसाठी चिठ्ठी आहे. काम दुसऱ्या कुणाला द्यावं असं लिहिलं आहे. बेसूर पियानोवर उद्‌घाटन होण्यापेक्षा हे बरं. डॉक्टरांकडे जाईनच, पण ते नवीन काय सांगणार? चिठ्ठी तेवढी पोचव.

दादा


२९ मार्च

दादा, अरे दादा,

तुझं पत्र काल आलं. पहिल्या पानाला मी रडले. दुसऱ्या पानाला, जावई गोड हसतो आणि जातो हे वाचलं तेव्हा मला शंका आली. मी उठले आणि सरळ लेकीला फोन लावला. हे पत्र मिळेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल, तरी माझ्या तोंडून ऐक, कारण करणी माझी आहे.

तुझे कान गेलेले नाहीत. तुझ्या भाचीचं घर मुकं झालंय, माझ्या हुकमावरून!

तुझं लॉजचं वाचून मी लेकीला फोनवर सांगितलं की मामाला आवाज सोसत नाही, त्याचे कान म्हणजे त्याची भाकरी, तो असेपर्यंत घरात टाचणी पडली तरी मला इथे ऐकू येईल. वाटलं होतं, फार तर रेडिओ लहान करतील. पण तुला माहीत आहे माझी लेक कशी आहे. एक सांगितलं की दहा करणार. तिने खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमद्याचे तुकडे चिकटवले. मुलांना घरात लोकरीचे मोजे सक्तीचे केले. स्टीलचे चमचे उचलून लाकडी काढले, चिनी मातीच्या ताटल्यांच्या जागी प्लास्टिकच्या आणल्या. दरवाजाच्या फटीत रबर बसवलं. आणि घरातल्या सगळ्यांनी नुसते ओठ हलवून बोलायचं ठरवलं! मुलांना तो खेळच वाटला. जो ओरडेल त्याने भांडी पुसायची. जावई म्हणे पहिले काही दिवस रोज भांडी पुसत होता.

गंमत विहीणबाईंची. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं, कारण सांगायचं तर ओरडावं लागणार! त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. बाईंनी दोनदा दुकानात जाऊन ते तपासून घेतलं. दुकानदाराने हात टेकले.

लेक फोनवर आधी हसली आणि मग रडायला लागली. "आई, मामा रोज इतका उदास दिसायचा, मला वाटलं अजून आवाज होतोय. मग मी घड्याळसुद्धा बंद केलं गं," म्हणाली. मी तिला सांगितलं, बाई, आत्ताच्या आत्ता ते सगळं उपटून काढ आणि घराला वाचा फोड.

माझं चुकलं, दादा. मी चांगलं करायला गेले. तुझ्या एकेका ओळीने काळजाला घरं पडली. पण भीती वाटते असं तू जे लिहिलंस ना, ते इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदा सांगितलंस. ते पान मी ठेवून दिलं आहे.

चिठ्ठी मी पोचवलेली नाही. तांदळाच्या डब्याखाली आहे. डॉक्टरांचं कळेपर्यंत तिथेच राहील. उगाच वाद घालू नकोस, डबा माझा आहे.

तुझी भोंगा


९ एप्रिल

प्रिय भोंगा,

तुला बोलावं तितकं थोडं आहे. पण माझा जीव असा भांड्यात पडलाय की बोलायला राग शिल्लक नाही.

तुझा फोन आला तेव्हा मी खिडकीशी बसलो होतो. मागे एकदम धाडकन काहीतरी पडलं. वळून बघतो तर तुझी लेक दारात, हातात मोठं पातेलं, ते तिने मुद्दाम जमिनीवर टाकलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि म्हणते, "मामा, ऐकू आलं का?" मी म्हटलं, "हो." मग तिने झाकणही टाकलं. तेवढ्यात धाकट्याला काय झालंय ते कळलं आणि त्याने जी आरोळी ठोकली, तिच्यात इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं होतं. शेजारचे विचारायला आले. विहीणबाईंनी यंत्राला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे चालू झालं की!"

संध्याकाळी डेपोतून जावई आला. त्याने जिन्यातूनच "मामाऽऽ" केलं. मी उठून त्याला मिठी मारली. तोही गांगरला.

तेव्हापासून मी या घरात राहतो आहे असं म्हणायला हरकत नाही. आधी मी नुसता उतरलो होतो. आता माझी जागा ठरली आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी, मोडक्या पाठीच्या खुर्चीवर. तिथून सगळं ऐकू येतं. कोण कुणावर चिडलंय, कुणाचा अभ्यास राहिलाय, सूप कुणाला नकोय. कपड्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे आलंय. ते करताना विहीणबाई रेडिओवरचं भांडण मला समजावून सांगतात, जणू मी ते ऐकतच नव्हतो. माझ्या घड्या तुझ्या लेकीला पसंत नाहीत आणि ती हे मला तोंडावर सांगते. फार बरं वाटतं, भोंगा. कुणी आपल्याला पाहुणा समजायचं सोडलं की किती बरं वाटतं!

आता डॉक्टरांचं. अक्षर बारीक करत नाही, बघ. कान एकंदर माझ्या वयाला चांगले आहेत. मळ नव्हता. पण अगदी वरचे, सगळ्यांत बारीक सूर झिजलेत, ते परत यायचे नाहीत. बोलणंचालणं, बाकीचा सगळा पियानो, याला अजून बरीच वर्षं काही होणार नाही म्हणाले. पण शेवटच्या काही पट्ट्या लावताना मी स्वतःवर विसंबू शकत नाही. हे त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं आणि तरी मला टोचलं. अर्धवट पियानो लावून देणारा माणूस कोण ठेवेल? ती चिठ्ठी पुन्हा डोळ्यांपुढे आली.

घरी आलो तर करमेना. थोरलीचा जुना पियानो आहे, त्याच्यावर खेळण्यांचा डोंगर असतो. तो साफ करून मी लावायला बसलो. मधला सगळा भाग झक्क झाला. वरच्या पट्ट्यांशी आलो आणि मला तरी सगळं ठीक वाटलं. तेवढ्यात आत भाजी चिरत असलेली तुझी लेक ओरडली, "मामा, शेवटची उतरली आहे!" मी तारेची किल्ली पिळली. "अजून... अजून... हां, बास!" सुरीही थांबली नाही तिची.

मी उठून आत गेलो. म्हटलं, "तुला कसं कळलं?" तर म्हणाली, "आई नाही का करायची? तू पलीकडे पियानो लावायला घेतलास की ती कणीक मळता मळता कपाटाकडे तोंड करून म्हणायची, उतरली, अजून, चढली, हां आता. आम्हीपण म्हणायचो. कुणाचं आधी बरोबर येतं ते बघायचो. तुला ऐकू येत नव्हतं का?"

नाही गं. कपाट होतं ना मध्ये.

भोंगा, मला खरं सांग. अजूनही म्हणतेस का? आणि म्हणत असशील, तर शेवटच्या पट्ट्यांचं तुला कधीपासून माहीत आहे?

दादा


१८ एप्रिल

दादा,

अजूनही म्हणते. आमचे हे वैतागतात.

शेवटच्या पट्ट्यांचं मला गेल्या वर्षीपासून माहीत आहे. शाळेचा पियानो तू घरी आणला होतास तेव्हा. तू काम थांबवलंस, किल्ली खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मी इकडे "अजून" म्हणत उभीच. वाटलं, दमला असेल. नंतर दर वेळी तसंच व्हायला लागलं.

बोलले नाही. कशी बोलणार? तुझं सगळं त्या कानांवर उभं. बायको नाही, पोर नाही, पियानो तेवढा. तूच होऊन सांगशील म्हणून वाट पाहिली, तू सांगेनास. फोनवर मी एक विचारायची आणि तू भलतंच उत्तर द्यायचास, तेही मी हसून सोडून दिलं. शेवटी मीच लेकीला म्हटलं की मामाला तारांच्या कारखान्याच्या नावाने बोलाव आणि डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. हो, तेही मीच. रागावायचं असेल तर एकदमच रागाव.

पण आता एक ऐक. अर्धवट पियानो लावणाऱ्याला कोण ठेवेल म्हणतोस. हॉलच्या मॅनेजरांना मी काल सगळं सांगितलं. तुझ्यावतीने बोलायचा मला काही अधिकार नाही, पण मी भोंगा आहे, मला तोंड आवरत नाही. ते म्हणाले, वरच्या पट्ट्यांना सोबत कुणीतरी ऐकायला असलं की झालं, पण हात तुमच्या भावाचाच हवा. मी विचारलं, कोण ऐकायला येणार? तर माझ्याकडे बघत राहिले. माझी मेलीची ट्यूब पेटायला वेळच लागला.

तुझी चिठ्ठी फाडली.

भोंगा


२६ एप्रिल

प्रिय भोंगा,

रागावलो. एक सबंध संध्याकाळ रागावलो. पण या घरात रागावून कोपऱ्यात बसता येत नाही, कुणीतरी येऊन कपड्यांचा ढीग मांडीवर टाकतं. घड्या घालता घालता राग गेला.

इथून निघायला आता जिवावर येतंय. थोरलीने खोली परत मागितली आहे आणि त्याच दमात पुन्हा कधी येणार तेही विचारलं आहे. धाकटा म्हणतो, मामाआजोबा गेले की परत गप्प बसायचं का? मी म्हटलं, मुळीच नाही. विहीणबाईंनी तुला निरोप दिलाय की पुढच्या वेळी काही हुकूम काढायचा असेल तर आधी त्यांना कळवावा.

इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या कामाला शांतता लागते. माझं काम चालू असताना पलीकडे तीन माणसं माझ्याबरोबर ते करत होती आणि मला पत्ता नव्हता. मला शांतता पुरे झाली, भोंगा.

मी येण्याआधी एक काम कर. ते कपाट हलव. भावजींना एकट्याने ओढू देऊ नकोस, त्यांची पाठ सांभाळ. शेवटच्या पट्ट्यांशी आलो की मी थांबेन. तू कणीक मळत असशील, तिथूनच सांग. आणि हळू सांगू नकोस.

दादा


३ मे

दादा,

हे तू निघण्याआधी पोचावं म्हणून घाईत लिहिते.

कपाट हललं. यांनी आणि वरच्या मजल्यावरच्या सुताराने मिळून ओढलं. मागे दाराला रंगाचे थर बसले होते, कडी आखडली होती. सुताराने कडा खरवडल्या, तेल घातलं, मग दोघांनी खांदा लावला. उघडताना ते असं किंचाळलं की तू असतास तर कानावर हात ठेवले असतेस.

मग मी माझ्या स्वयंपाकघरातून सरळ तुझ्या खोलीत गेले. जिना नाही, कुलूप नाही. इतके दिवस खिडकी उघडायला येत होते, पण कधी उभी राहिले नव्हते. आज मध्यभागी उभी राहिले. किती शांत आहे रे तुझी खोली! कसा राहिलास इतकी वर्षं?

कपडे आता पलंगावर पडलेत. कपाट कुठे ठेवायचं ते ठरलेलं नाही. हे म्हणतात देऊन टाकू.

निघता निघता तुझ्या पियानोची शेवटची पट्टी दाबून पाहिली. उतरली आहे. लवकर ये.

भोंगा